लसूण लाल होऊ न देता

१६ नोव्हेंबर, रविवार. लसणाच्या बारा पाकळ्या सोलणे.

त्या दिवशी सकाळी माझ्या वहीत एवढंच लिहिलेलं आहे. वही नवऱ्याच्या खाण्याची होती. काय खाल्लं, किती खाल्लं, त्यातलं पोटात किती राहिलं. त्या आठवड्याची पानं जवळजवळ कोरी आहेत. ‘अर्धी वाटी पेज, उलटी.’ ‘दूध, दोन घोट.’ शनिवारी नुसतं ‘पाणी’.

घशाच्या कॅन्सरसाठी त्याचं रेडिएशन चालू होतं. चार आठवडे झाले होते, दोन राहिले होते. घसा आतून सोलवटला होता आणि जिभेला सगळ्याची चव लोखंडासारखी लागत होती. शिवाय वास. तेलात हिंगाची चिमूट पडली की तो बाथरूमकडे धावायचा. ज्या वासावर इतकी वर्षं ऑफिसातून येऊन बूट काढता काढता ‘काय केलंयस?’ असं विचारायचा, तोच वास. मग घरातली फोडणी बंद झाली. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायचे आणि सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत उभी राहून ब्रेड खायचे.

दर सोमवारी सकाळी हॉस्पिटलात त्याचं वजन होई. रेडिएशन देताना चेहऱ्यावर जाळीचा एक मास्क घट्ट बसवतात, डोकं हलू नये म्हणून. तो सुरुवातीलाच त्याच्या मापाने केलेला. आता गालांपाशी सैल होत चालला होता. मागच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावून फट दाखवली. त्यांचं बोट आत गेलं. म्हणाल्या, ही आणखी वाढली तर मास्क नवा करावा लागेल, तोवर उपचार थांबतील, आणि या टप्प्यावर थांबणं बरं नाही. पुढच्या सोमवारी वजन आणखी उतरलं असेल तर पोटाला छोटं छिद्र पाडून नळी बसवायची आणि तिच्यातून अन्न द्यायचं. त्यांनी संमतीचा चार पानी फॉर्म हातात दिला. तो आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून होता. सहीची जागा रिकामी.

तो सही करणार नव्हता. त्याच्या वडिलांना पुण्यात नाकातून नळी घातली आणि ते घरी परत आले नाहीत. ती नळी वेगळी, ही वेगळी, त्यांचं वय वेगळं, दुखणं वेगळं, हे मी त्याला कागदावर आकृती काढून समजावलं. तो इंजिनियर आहे, त्याला समजलं. समजूनही त्याने मान हलवली ती आडवी. सासूबाईंनी तर फोनवर माझ्याकडून शब्दच घेतला. “नळी तेवढी घालू देऊ नकोस गं त्याला. बाकी तू करतेयस ते बरोबरच करत असशील.” मी म्हटलं, “नाही घालू देणार, आई.” सरळ कबूल होऊन बसले. तेव्हा तो रोज वाटीभर पेज खात होता.

आता रविवार उजाडला होता, आणि माझ्याकडे एकच दिवस होता.

सूप कळलं ते शनिवारी, तळघरात. इथे जर्मनीत आमच्या इमारतीत सगळ्यांची वॉशिंग मशीन तिथे आहेत. मी कपड्यांची टोपली घेऊन उतरले आणि आमचं मशीन कुठलं ते मला आठवेना. चौदा वर्षं त्याच मशीनमध्ये कपडे धुतेय. खालच्या मजल्यावरच्या फ्रेंच बाई तिथे चादरी घडी घालत होत्या. सत्तरी पार केलेल्या, निवृत्त शिक्षिका, जर्मन नवरा गेल्यावर इथेच राहिलेल्या. त्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली, मशीन दाखवलं आणि विचारलं, “तो काही खातो का?” मी नाही म्हटलं. त्यावर त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे माणूस आजारी असला, दारू चढलेली असली किंवा लग्नाची रात्र जागून काढलेला असला, तर एकच सूप करतात. लसूण, चमचाभर पीठ, पाणी, अंडं, शिळा पाव. मी मनात म्हटलं, लसूण? हिंगाने ओकणाऱ्या माणसाला? पण तोवर सगळं करून झालं होतं. मऊ भात, रव्याची खीर, केळ्याची, हॉस्पिटलच्या बाटल्यांमधलं गोड पांढरं पेय, जे त्याने एकदा तोंडात घेऊन बेसिनमध्ये सोडलं. कृती मी पावतीच्या मागे लिहून घेतली. शिवाय त्यांनी बदकाच्या चरबीची छोटी बरणी दिली.

पाकळ्या सोलल्या. चकत्या केल्या. पातेलं ठेवलं, चरबी घातली, आणि हाताने आपोआप विजेच्या शेगडीचं बटण नऊवर नेलं. चरबी कडकडीत तापली. लसूण टाकला. तो तडतडला, कडा सोनेरी झाल्या, मी ढवळत राहिले, लालसर झाला तशी मी खूश झाले. मला वाटतं पीठही त्याच समाधानात घातलं. पाणी ओतल्यावर जो वास आला तो खमंग होता, आमच्या घराचा होता, आणि पुढच्या क्षणी आतल्या खोलीचं दार उघडून तो माझ्या मागून बाथरूममध्ये गेला.

मी गॅलरीचं दार उघडलं, पातेलं बाहेर जमिनीवर ठेवलं आणि त्याच्या पाठीवर हात फिरवायला गेले. त्याने हात झटकला. बोलणं दुखत असे म्हणून तो कुठल्याही कागदावर लिहायचा. त्या दिवशी इन्शुरन्सच्या पाकिटावर लिहिलं: ‘मला मारायचं असेल तर सरळ सांग.’

चिडले मी. म्हटलं, “उद्या साडेआठला काट्यावर उभा राहा आणि त्या डॉक्टरीणबाईंना हेच लिहून दे.” आणि दार ओढून घेतलं. असं बोलायला नको होतं, पण बोलले.

दारावरची बेल वाजली. खालच्या बाई, पायात सपाता.

“जाळलात ना?” त्या म्हणाल्या. “सगळ्या जिन्याला कळलंय.”

“जाळला नाही. लाल केला.”

“म्हणजे जाळला.” त्या आत येऊन गॅलरीतलं पातेलं बघून आल्या. “पाकळ्या आहेत का अजून?”

नव्हत्या. रविवार, सगळी दुकानं बंद. त्या खाली जाऊन स्वतःच्या दोन गड्ड्या घेऊन आल्या, माझ्या टेबलाशी बसल्या आणि फॉर्म बाजूला सारून पुन्हा सोलायला लागल्या. मीही सोलायला लागले. फॉर्मकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग पुढची पाकळी घेतली.

दुसऱ्या खेपेला त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. बटण तीनवर. माझा हात बटणाकडे गेला की त्या उलथण्याने मनगटावर टक् करून मारत. शाळेत शिकवत असत ते लगेच समजलं.

“काहीच होत नाहीये,” मी म्हटलं.

“गेनाऊ, अगदी बरोबर. काहीच व्हायला नको.”

वीस मिनिटं आम्ही पांढऱ्या लसणाकडे बघत उभ्या होतो. आयुष्यात मी लसणाकडे इतका वेळ पाहिलेलं नाही. आमच्याकडे तो अर्ध्या मिनिटाचा कारभार. इथे तो हळूहळू मऊ झाला, काचेसारखा दिसायला लागला, आणि त्याचा तिखट वास गेला. मागे काहीतरी गोडसर राहिलं, उकडलेल्या बटाट्याच्या जवळपासचं. मग चमचाभर पीठ, तेही रंग न येऊ देता. मग गरम पाणी, मीठ, आणि अर्धा तास मंद उकळी. अंड्याचा पांढरा भाग धार धरून घातला, त्याचे धागे झाले. पिवळा बलक त्यांच्याकडे व्हिनेगरमध्ये फेटतात. व्हिनेगर त्याच्या घशाला आग लावेल, म्हणून मी तो साध्या पाण्यात फेटला. कच्चं अंडं त्याला चालत नव्हतं, तेव्हा बलक घातल्यावर घट्ट होईपर्यंत आचेवर ढवळत राहिले. शेवटी शिळ्या पावाचा मगज घालून सगळं मिक्सरमधून काढलं आणि गाळलं.

मी चमचाभर चाखून बघितलं. मला काही विशेष वाटलं नाही. पेजेत अंडं फेटावं तसं. खालच्या बाई मात्र म्हणाल्या, “हे बरोबर आहे,” आणि सपाता फटफटवत निघून गेल्या.

पाच वाजले होते, बाहेर अंधार झाला होता. वाटी निववून कोमट केली आणि आत नेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“वास येतोय?” मी विचारलं.

त्याने हुंगून बघितलं. मान हलवली. नाही.

उठून बसला. पहिला चमचा त्याने तोंडात बराच वेळ धरून ठेवला. गिळताना डोळे मिटले, पलंगाची कड पकडली. दुसरा. तिसरा. मी मोजत होते, आणि मोजतेय हे त्याला दिसू नये म्हणून खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत होते. आठव्या चमच्याला त्याने पाकीट ओढून लिहिलं: ‘लोखंड नाही.’

“मग कशाची चव लागते?”

‘कशाची तरी.’

मला एकदम हुरूप आला. डोक्यात गणित सुरू झालं. आता एक वाटी, मग दोन तासांनी एक, सकाळी निघायच्या आधी एक. बलक दोन घालायचे. चरबी वाढवायची. खालच्या बाईंकडे अंडी असतीलच. मी हे सगळं मोठ्याने बोलत होते. त्याने अकरा चमचे संपवले, त्याला पंचवीस मिनिटं लागली, आणि कपाळावर घाम आला होता.

“अजून चार घे. चारच.”

त्याने चमचा खाली ठेवला. आणि तोंडाने बोलला, दोन दिवसांनंतर पहिल्यांदा, खरखरीत आवाजात. “चांगलं झालंय.”

“मग घे ना!”

“हे मला आवडीने खायचंय गं. उद्याच्या काट्यासाठी नाही.” थांबला, पाणी प्यायला, तेही दुखलं. पुढचं लिहिलं: ‘दिवसातून सहा वेळा तू अशी समोर बसणार आणि मी असा घाबरणार. जमणार नाही. फॉर्म आण.’

मी उठले नाही. म्हटलं, आता जमतंय, एक दिवस दे मला. आईंना मी शब्द दिलाय. म्हटलं, हे तूच नको म्हणत होतास, आठवडाभर मी त्यावर धडपडतेय. माझा आवाज चढत गेला. वाटीत उरलेल्या सुपावर साय धरायला लागली. अकरा चमच्यांनी माणूस जगत नाही हे मला वहीवरून चांगलं कळत होतं. ते मान्य करायचं काम आठवडाभर मी त्याच्यावर ढकललं होतं, एवढंच.

मिठाच्या बरणीखालून फॉर्म काढला, पेन दिलं. त्याने चारही पानं वाचली, नेहमीच्या सवयीने, आणि सही केली. सही बँकेतल्या सहीसारखी आली नाही. मग वाटी परत ओढली आणि आणखी दोन चमचे घेतले. मी वहीत लिहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुण्याला फोन केला. तिथे अकरा वाजले होते. म्हटलं, “आई, मी शब्द पाळत नाहीये. नळी बसवायला सांगतेय. त्याने सही केलीय.”

त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

“काल काही खाल्लं का त्याने?”

“लसणाचं सूप. तेरा चमचे.”

“लसणाचं? आणि राहिलं पोटात?”

“राहिलं.”

“फोडणी कशाची दिलीस?”

“दिलीच नाही.”

“असं कसं होतं ते,” त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मी रडणं संपेपर्यंत फोन धरून ठेवला. मग म्हटलं, “ठेवते, आई, टॅक्सी येईल.”

पातेलं भिजत घातलेलं होतं ते घासलं. उरलेलं सूप बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं, त्याला हवं वाटलं तर म्हणून. फॉर्म प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. रोज निघण्याआधी मी त्याला बाथरूममधल्या काट्यावर उभं करत असे, आकडा बघायला. त्या दिवशी काटा उचलून तळघरात ठेवून आले आणि त्याला कोट घालायला मदत केली.