पान उलटायची परवानगी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकं हळू पुस्तक वाचणारा माणूस उभ्या पुण्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकं मोठ्यानं वाचणारा तर नाहीच नाही. सारी हयात मार्केट यार्डात, कांद्याच्या लिलावात गेलेली. काकांनी बिबवेवाडीत कुजबुज केली तर यार्डातले हमाल वळून बघत असतील. गाळा मुलाच्या हवाली केल्यावर या आवाजाचं करायचं काय, हा अख्ख्या सोसायटीपुढचा प्रश्न होता. तो जवळच्या विशेष मुलांच्या शाळेनं सोडवला. दर गुरुवारी काका तिथं चित्रांची पुस्तकं वाचायला जाऊ लागले आणि त्यांना स्कूटरवरून पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पुस्तकखरेदी म्हणजे तर सोहळाच. पोत्यात हात घालावा तसं मधलंच पान काढून बघायचे. "वरचा माल सगळेच चांगला लावतात हो!" दुकानदारानं वैतागून विचारलं, "आजोबा, नातू केवढा आहे?" "नातवाचं सोडा, ठळक हत्ती दाखवा. आमच्यातल्या एकाला बारीक दिसत नाही." वर्गात एका मुलाला मोठा आवाज सोसत नसे. त्याच्यापाशी बसले की काकांचा आवाज असा उतरायचा की मी घरी सांगितलं तेव्हा काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "जन्मभर मी हात जोडले, तेव्हा नाही उतरला मेला!"

पण त्यांचा खरा हट्ट पानाचा. मुलाच्या परवानगीशिवाय पान उलटायचं नाही. पूर्वी यार्डात भाव रुमालाखाली ठरायचे. घेणाऱ्यानं देणाऱ्याची बोटं दाबायची, तोंडानं चकार शब्द काढायचा नाही. तीच रीत काकांनी वर्गात आणली. मुलाचा हात त्यांच्या हातात, वर रुमाल. बोट दाबलं की पान उलटणार. कुणाचं लगेच दाबलं जायचं, कुणाला फार वेळ लागायचा. बाई म्हणायच्या, "काका, तास संपला हो." "संपू दे की. सौदा व्हायचाय अजून."

त्यांच्या विशेष लाडाची ओवी. ती बोलत नसे, चाकाच्या खुर्चीत बसे, हात ताठरलेले. वडील खराडीत नोकरीला, घर मूळचं अमरावतीकडचं. तिला एकच पुस्तक लागे, हरवलेलं पिल्लू शोधणाऱ्या हत्तिणीचं. एकेक पान बोट दाबून पुढं न्यायची आणि शेवटच्या पानाआधी बोट गप्प. पिल्लू सापडतं ते नेमकं त्याच पानावर! काका पुस्तक मिटून ठेवायचे.

"अहो, एकदाचं वाचून टाका की," मी म्हणालो.

"तिनं हो म्हटलेलं नाही. सापडलं की गोष्ट संपते, ते तिला नकोय. तुमच्यासारखं घायकुतीचं गिऱ्हाईक मी गाळ्यावर उभं केलं नसतं."

मग ओवीच्या वडिलांची नोकरी गेली आणि घर गावी निघालं. शेवटच्या गुरुवारी तिची आई न्यायला येऊन दारात थांबली होती. काका वाचत होते, आवाज सारखा बसत होता. शेवटच्या पानाआधी ते थांबले, आणि रुमाल हलला. ओवीनं बोट दाबलं होतं. दाबून धरलं होतं, सगळा जीव एकवटून. काकांनी तिच्याकडं पाहिलं आणि हलकेच पुस्तक मिटलं. "हे राहू दे गं. सुट्टीत आलीस की वाचू." ती त्यांच्याकडं बघतच राहिली. बोट सोडेना. शेवटी आईनं सोडवलं.

"राहिलेल्या पानासाठी तरी येईल," परतताना काका म्हणाले.

ती आली नाही. सुट्टी गेली, दिवाळी गेली. शाळेकडं होता तो फोन नंबर आता लागत नाही. काका अजून गुरुवारी जातात, वाघाच्या डरकाळ्या फोडतात, पण हत्तिणीचं पुस्तक पिशवीतून बाहेर काढत नाहीत. एखाद्या पोरानं त्याकडं हात केला तर म्हणतात, "ते विकलं गेलंय राजा. माल उचलायचा राहिलाय." मला हसू येत नाही.

परवा सिग्नलला थांबलो असताना ते मागून काहीतरी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला मान वळवून विचारावं लागलं, "काय म्हणालात, काका?"

"तिनं हो म्हटलं होतं हो," ते म्हणाले. "मीच पान उलटलं नाही."