एकाच माणसाचं रक्त

महाराष्ट्र नुकताच झाला होता, मलेरियाची मोहीम जोरात होती, तेव्हा मी खामगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मायक्रोस्कोपवर बसायचो. वय बावीस, घर मलकापूरला. काम एवढंच: काचपट्टीवर वाळलेला रक्ताचा थेंब रंगवायचा आणि त्यात हिवतापाचे जंतू शोधायचे. वीज नव्हती, म्हणून मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडे करून बसायचं. रंगाच्या वासामुळे कंपाउंडरसुद्धा दारातूनच बोलायचा. दिवस दिवस तोंड उघडायची गरज पडायची नाही. त्या खोलीत जीव नुसता कावून जायचा, खोटं कशाला बोलू!

आत येऊन बसणारा माणूस एकच, तोही शनिवारी. गावोगाव सायकलनं फिरून तापाच्या माणसांच्या बोटातून रक्त घेणारा मलेरियावाला. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, दम्यानं धापा टाकत यायचा. "काय बे काचवाल्या, जिता हायेस का?" म्हणत स्टुलावर बसायचा. मग चहा, कोणाचं लग्न मोडलं, कोणाची म्हैस कोणाच्या वावरात घुसली. मी शुक्रवारपासूनच त्याची वाट पाहायचो.

एकदा त्यानं दिलेल्या पट्ट्या बघता बघता थबकलो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक जात लालसर दाण्यांची असते. दमा असला, जंत असले की ती वाढते; एरवी शोधावी लागते. इथं वीसच्या वीस पट्ट्यांत तिचा सुळसुळाट. नावं वीस, रक्त एकाचं. कोणाचं, ते काय सांगायला पाहिजे? पठ्ठ्या घरी बसून स्वतःचंच बोट टोचत होता!

असा संताप आला म्हणता! पण बोललो तर हा यायचा बंद होईल, ती भीती संतापाहून मोठी निघाली. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी कागदावर "जंतू नाहीत" लिहीत गेलो आणि त्याच्यासोबत चहा पीत गेलो.

चौथ्या शनिवारी मात्र राहवलं नाही.

"भाऊ, हात दाखव."

डाव्या हाताची बोटं टोचून टोचून काळी पडली होती. त्यानं हात मागे घेतला.

"वर लिहिशील काय?"

"नाही. पण आता खरं रक्त आण."

"लोकं सुई पाह्यली का वावरात पळून जातेत. या दम्यानं मले सायकल रेटत नाही. नोकरी गेली तं लेकराइले काय खाऊ घालू?" एवढं बोलून तो चहा तसाच ठेवून उठला.

पुढच्या शनिवारी पट्ट्यांचं पुडकं एसटीच्या कंडक्टरनं आणून दिलं. या वेळी रक्त खरंच वेगवेगळ्या माणसांचं होतं. पाचव्या पट्टीत जंतू दिसले. "सापडले!" मी ओरडलोच. ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.

मग त्या पट्टीचा कागद काढला. मजुरी करणारी बाई. ताप कधीपासून, या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: एक महिना. म्हणजे ती हुडहुडत पडली होती आणि मी इथं म्हशींच्या गोष्टी ऐकत होतो. गोळ्या त्याच दुपारी पाठवल्या. बाई बरी झाली, हेही मला कंडक्टरनंच सांगितलं. मलेरियावाला पुन्हा आला नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण ती वाचल्याच्या आनंदापेक्षा तो येत नाही याचंच दुःख मला जास्त होत राहिलं.