दुरुस्त करता येणारे पुस्तक

तापलेल्या कागदाला एक वास असतो. करपल्याचा नव्हे; धुतलेल्या सुती कापडावरून इस्त्री फिरावी तसा, आणि त्यात शाईच्या भुकटीचा किंचित तुरट दर्प. कासार आंबोलीच्या फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो मला पहिल्यांदा आला. आमच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी कलनाचे, म्हणजे कॅल्क्युलसचे, अख्खे पुस्तक छापून घ्यायला गेले होते आणि दुकानदार यंत्राच्या झाकणावर हात ठेवून अडून बसला होता.

"अख्खं पुस्तक न्हाई काढत आपण, म्याडम. धाड पडली म्हंजी दुकान कोण सोडवनार, तुमी?"

मी पहिले पान त्याच्यापुढे धरले आणि त्याचा अर्थ सांगितला. लिहिणाऱ्यांनीच तिथे म्हटले होते की हे पुस्तक कुणीही छापावे, वाटावे, बदलावेही. मूळ लेखकांची नावे तेवढी ठेवावीत आणि बदललेले पुस्तक पुन्हा असेच सर्वांना खुले करावे.

"बदला बी म्हनतोय? येडा हाय का कोण ह्यो?" असे म्हणत त्याने झाकण उघडले.

तो वास मला आजही बंडाचा वाटतो. नेमलेल्या पुस्तकाची एक प्रत आमच्या ग्रंथालयात कुलपात असे आणि ती तिथेच बसून वाचावी लागे. तास संपले की मुळशीकडची एसटी निघे. कपाट उघडे त्यानंतर. विकत घेणे बहुतेकांना परवडत नव्हते. मला ते कुलूप मान्य नव्हते. अजूनही नाही.

विभागप्रमुखांना माझे हे गठ्ठे रुचले नाहीत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालणारे, खडूचा कणही अंगावर न उडू देणारे गृहस्थ. "फुकट पुस्तकाला जामीन कोण, बाई? चूक निघाली तर कुणाच्या दारात जायचं?"

"माझ्या."

"म्हणजे आता कविताही तुमच्याच दारात आणि गणितही!" शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. माझे कवितेचे वेड हा तिथला हुकमी विनोद होता. मग त्यांनी निर्णय दिला. ते माझ्या एका तासाला मागे येऊन बसतील. पटले तर पुढच्या सत्रासाठी सही करतील. न पटल्यास गठ्ठे रद्दीत आणि मुले पुन्हा कुलपाच्या दाराशी.

ते मागच्या बाकावर येऊन बसले त्या दिवशी धडा होता बदलाच्या दराचा. मूळ पुस्तकात छपरावर साचत जाणाऱ्या बर्फाचे उदाहरण होते. आमच्या मुलांनी बर्फ पाहिला तो रसवंतीत. म्हणून मी बर्फ काढून टाकला होता आणि त्या जागी उन्हाळ्यातले मुळशीचे धरण आणले होते : ओसरत जाणारे पाणी, उघडा पडणारा गाळ, त्याला येणारा शेवाळी, माशांचा वास. वासाचे गणितात काही काम नव्हते, तरी एक वाक्य मी राहू दिले होते.

फळ्यावर समीकरण मांडून मी वळले, तर खिडकीशेजारची मुलगी उभी होती. धरणाकाठच्या गावातली, तिचे वडील तिथेच जाळी टाकत. सत्रभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मॅडम, उन्हाळ्यात पाणी उतरतं आमच्याकडं."

"बरोबर."

"मग पुस्तकात चढतंय कसं?"

मी पान पाहिले. बर्फ साचतो, म्हणून मूळ उदाहरणात दर धन होता. मी बर्फ हलवला, धरण आणले आणि चिन्ह होते तसेच ठेवले. भर उन्हाळ्यात मी धरण भरत बसले होते.

"ह्या हिशेबानं जूनच्या आत आमचं घर बुडंल," ती म्हणाली, आणि वर्ग खो खो हसला.

मागच्या बाकावर पेनाचे टोपण टक्कन लागले. "सापडलं का दार, बाई?"

लाज वाटायला हवी होती. मला राग आला. "सापडलं, सर. उघडंच आहे." मी लॅपटॉप पडद्याला जोडला, पुस्तकाची फाईल उघडली आणि त्या मुलीला पुढे बोलावले. तिने एका बोटाने आकड्याआधी ऋण चिन्ह उमटवले. दुरुस्ती करणाऱ्यांच्या पानावर मी तिला नाव लिहायला सांगितले.

"माझं?"

"चूक कुणी काढली?"

तिने लिहिले. मी मागे पाहून म्हणाले, "नेमलेल्या पुस्तकातली एक चूक आपण वर्षानुवर्षं मुलांना पेन्सिलीनं खोडायला लावतो, सर. नव्या आवृत्तीत ती पुन्हा छापून येते. तुम्ही सही करू नका हवं तर. हे पुस्तक मी रद्दीत देणार नाही."

ते उठले. निघाले, असेच मला वाटले. पण मुलीच्या रिकाम्या बाकापाशी थांबून त्यांनी तिची छापील प्रत उचलली, चष्मा चढवला. उदाहरणाखालचा आलेख मी बदललाच नव्हता. त्याची रेघ अजून तशीच वर चढत होती. सरांनी खिशातला लाल पेन काढला, त्या रेघेवर टेकवला, आणि प्रत माझ्याकडे वळवून म्हणाले,

"इथंही."