धनसिंग मडावीच्या कागदावरचा शेरा

मी तेव्हा नवेगाव बांधच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. बावन्न-त्रेपन्न साल असावं. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि राज्य होतं मध्य प्रदेश. शाळा सुटली होती, मी हजेरीपट कपाटात ठेवत होतो, तर दाराबाहेर एक माणूस ताठ उभा. पाय जुळवलेले, हात मांड्यांना टेकलेले. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"गुरुजी, सरकारी कागदावरला एक शब्द बदलवता येते का?"

"कोणता शब्द?"

त्यानं बंडीच्या आतून घडी काढून माझ्या हातात दिली. "मले वाचता येत नाही. पन काय लिवलं हाये ते मले ठाऊक हाये."

ते फौजेतून काढून टाकल्याचं सर्टिफिकेट होतं, इंग्रजीत. नाव, पायनियर कंपनी म्हणजे फौजेतली रस्ते-खोदकामाची तुकडी, नोकरीची वर्षं. खाली काढण्याचं कारण लिहिलं होतं : अफू जवळ बाळगणे व सेवन करणे. आणि त्याच्याखाली शेरा, चालचलन खराब.

धनसिंगला मी नावानं ओळखत नव्हतो असं नाही, पण गावात ते नाव फारसं कुणी घेत नसे. त्याला सगळे 'अफीम्या' म्हणत. पोरं म्हणत, म्हातारे म्हणत, आठवडी बाजारातली मासे विकणारी बाई म्हणे, "अफीम्या, घेते का रे झिंगे?" तोही ओ देई. तो जंगलात बांबू तोडायच्या कामाला जाई. चालताना कंबर थोडी डावीकडं झुकलेली असे. अंगानं मजबूत, बोलायला कमी.

त्या दिवशी मात्र तो बोलला. जंगल खात्यात गार्डची भरती निघाली होती. फौजेतून आलेल्यांना आधी घेणार असं कळल्यावर तो बायकोला, मंगलीला, घेऊन रेंज ऑफिसात गेला. तिथल्या बाबूनं कागद घेतला आणि बाहेर थांबलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "चाल-चलन खराब. अफीमची."

"लोकं हासले, त्याचं काही नाही," धनसिंग म्हणाला. "लोकं रोजच हासतेत. पन मंगली होती तिथं. ते खाली पाहून राहिली होती. मले ते बरं नाही वाटलं."

मी त्याला विचारलं, "आता घेतोस का?"

"नाही. सत्तेचाळीसमंदी घरी आलो, त्याच सालात सोडली."

कशी सोडली हे मला पुढं मंगलीनं सांगितलं. तो घरी आला तेव्हा त्याच्या जवळ थोडी अफू उरली होती. ती संपली तसा माणूस वेडापिसा झाला. पाय झाडी, ओकाऱ्या काढी, थंडीच्या दिवसांत घामानं न्हाऊन निघे. गाव तमाशा पाहायला जमू लागलं. मग मंगली त्याला घेऊन आपल्या बापाच्या गावाला गेली, जंगलाच्या आत, चार घरांची वस्ती. तिथं एका झोपडीत तिनं त्याला ठेवलं. तो शिव्या देई, एकदा त्यानं तिला ढकलूनही दिलं. ती बाहेर जाऊन बसे आणि थोड्या वेळानं पुन्हा पेजेचा गडू घेऊन आत येई. तांदळाची पातळ पेज आणि मोहफुलांच्या शेकानं शेकलेली कंबर, बाकी औषध काही नाही. महिनाभरानं तो स्वतःच्या पायांनी नदीवर अंघोळीला गेला. तेव्हापासून अफू नाही. मोहाची दारूही नाही. देवकार्यात सगळे पीत, हा देवाच्या नावानं दोन थेंब जमिनीवर सांडी आणि द्रोण पुढच्याला देई.

मी अर्ज लिहून दिला. तरुण होतो, इंग्रजी बरं होतं, तेव्हा जरा जोरातच लिहिला. काही महिन्यांनी उत्तर आलं : शेरा बदलण्यास सबळ कारण दिसत नाही.

मग आम्ही दोघं भंडाऱ्याला सैनिक बोर्डात गेलो. तिथं एक निवृत्त कॅप्टन बसत. पिकलेल्या मिशांचे, हिंदी बोलणारे. त्यांनी कागद वाचून चष्मा काढला.

"अफीम लगी कैसे?" त्यांनी धनसिंगला विचारलं.

धनसिंगनं सांगितलं. मणिपूरच्या डोंगरात यांची कंपनी लढाईच्या काळात रस्ता करत होती. पावसानं दरड खाली येई, हे ती उपसत. एकदा वरून मोठं लाकूड घरंगळत आलं आणि त्याच्या कमरेवर बसलं. दवाखाना जखमींनी भरलेला. हाड मोडलं नाही म्हणून लवकरच त्याला परत कामावर धाडलं. तिथं कोणीतरी वाटाण्याएवढी गोळी दिली. दुखणं गेलं, हात पुन्हा फावड्यावर आला. मग ती रोजची झाली. लढाई संपली, दुखणं कमी झालं, गोळी राहिली. पुढं डेपोत असताना झडती झाली, त्याच्या पेटीत अफू सापडली.

"गोळी किसने दी?"

धनसिंगनं फक्त पाय जुळवले.

कॅप्टन म्हणाले, "देखो, ड्यूटी में चोट लगी, और कंपनी के ही आदमी ने अफीम दी, इतना साबित हो जाए तो ऊपर लिख सकता हूँ. गवाह लाओ."

बाहेर येताच मी त्याला धरलं. "नाव का नाही सांगितलंस?"

"त्यानं वाईटासाठी नाही देली, गुरुजी. मी रडत होतो. त्याच्यानं पाहावलं नाही."

झडतीच्या वेळीही त्यानं नाव सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. पण मंगलीला ते ठाऊक होतं. झोपडीतल्या दिवसांत त्यानं तापात ते नाव पुन्हा पुन्हा घेतलं होतं. भोजराज हवालदार. गोंदियाजवळ फुलचूरचा.

त्याच्याकडं जावं की न जावं यावर त्यांच्या घरी बरेच दिवस गेले. शेवटी मंगली म्हणाली, "तू नको बोलू. मी बोलतो." आणि आम्ही तिघं देऊळगावला छोट्या रेल्वेत बसलो, गोंदियाला उतरलो आणि फुलचूरला पायी गेलो.

भोजराज टेंभरे आता गावातला वजनदार माणूस होता. फौजेतून हवालदाराचा जमादार होऊन आलेला, पेन्शन चालू, धानाची शेती. धनसिंगला पाहून तो धावत अंगणात आला आणि त्याला मिठी मारली. ओसरीवर आम्हाला जेवायला बसवलं. त्याची बायको धुरपताबाई वाढत होती. डोंगरातल्या जळवांच्या, चिखलाच्या गोष्टी निघाल्या. दोघं हसले. धनसिंगला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हात धुतल्यावर मी येण्याचं कारण सांगितलं. भोजराजचा चेहरा उतरला. तो पानाचे देठ खुडू लागला.

"मास्तर, मी तोंड उघडलं तर माही पेन्शन जाईल. वरून पंचायतीचं इलेक्शन, मी उभा राहून राहिलो. लोकं म्हणतील, हा फौजेत अफीम वाटत होता."

धनसिंग उठलाच. "चला गुरुजी. हवालदार साहेबाले नाही म्हणाचा हक हाये."

मंगली मात्र उठली नाही. तिनं आवाज चढवला नाही. "हवालदार दादा, हा माणूस तापात पडला होता, तवा माहं नाव नाही घेतलं यानं. आपल्या मायचं बी नाही. तुमचं घेऊन राहिला होता. हवालदार साहेब, गोळी द्या, हवालदार साहेब, गोळी द्या. मले वाटे, कोन देवमाणूस हाये हा. आज पाह्यलं." मग ती पदर सावरून उठली. स्वयंपाकघराच्या दारात धुरपताबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

आम्ही संध्याकाळच्या रेल्वेनं परतलो. मला वाटलं, संपलं.

धानाची कापणी उरकली, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या, आणि एका सकाळी भोजराज आमच्या शाळेसमोर सायकल धरून उभा. देऊळगावच्या स्टेशनवर कुणाची तरी सायकल मागून आला होता.

"धनसिंगचं घर दाखवा मास्तर," तो म्हणाला. चालता चालता स्वतःच सांगू लागला. "घरात मले कोणी काही म्हणत नाही. धुरपता तर त्या दिवसापासून त्या गोष्टीवर बोललीच नाही. कालपरवा जेवताना एकच इचारलं. त्यानं तवा तुमचं नाव घेतलं असतं, तर आपली पेन्शन असती का? मले घास नाही गिळवला."

"आणि इलेक्शन?"

"ते झालं. पडलो." तो कसनुसा हसला. "अफीमचं कोणाले माहीतच नव्हतं, तरी पडलो."

त्याच आठवड्यात आम्ही भंडाऱ्याला गेलो. भोजराज कॅप्टनसमोर सावधानमध्ये उभा राहिला.

"गोली मैंने दी थी, साहब."

"क्यों?"

"आदमी कम थे. सड़क रोज खोलनी पड़ती थी. और यह रोता था, साहब."

"एक बार?"

"रोज. फिर यह खुद माँगने लगा, तब भी देता रहा."

"और जब तलाशी में पकड़ा गया?"

"तब मैं वहीं खड़ा था. चुप रहा."

कॅप्टन लिहीत होते. तेवढ्यात धनसिंग पुढं झाला. "साहेब, एक सांगाचं राहिलं. पेटीत सापडली ते हवालदारानं नाही देली. त्यानं देणं बंद केलं होतं. ते मी बाजारातून आणली होती."

मला त्याचा असा राग आला. कॅप्टननी पेन खाली ठेवलं. "तुम अपना ही केस बिगाड़ रहे हो, समझते हो?"

"समजते साहेब. पन लिवाचं तर पुरं लिवा."

कॅप्टननी पेन उचललं आणि पुढं लिहायला घेतलं. दोघांचे सही-अंगठे झाले. बाहेर आल्यावर मी धनसिंगला बरंच बोललो. तो ऐकत राहिला. भोजराज मध्ये पडला, "राहू द्या मास्तर, तो फौजेतबी असाच होता," आणि त्याला चहा पाजायला घेऊन गेला.

त्यानंतर कागद कुठंकुठं फिरला देव जाणे. आम्ही स्मरणपत्रं धाडत राहिलो. मधेच राज्य बदललं, आम्ही मुंबई राज्यात गेलो. भोजराजकडं एकदा खुलासा मागणारं पत्र आलं. त्यानं तोच मजकूर पुन्हा लिहून दिला. पेन्शनला धक्का लागला नाही. धनसिंगनं विचारणं सोडून दिलं होतं. विचारायची ती मंगलीच. मोहफुलं वेचून परतताना टोपली डोक्यावर तशीच ठेवून शाळेच्या कुंपणापाशी थांबे. "आलं का जी काही?"

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात आलं. मी ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. काढून टाकल्याचं कारण तसंच ठेवलं होतं. ते बदलता येत नाही असं लिहिलं होतं. मात्र कामावर झालेली दुखापत आणि वरिष्ठाचा जबाब लक्षात घेऊन चालचलनाचा शेरा 'खराब'ऐवजी 'साधारण' करण्यात आला होता.

"साधारण म्हंजे?" धनसिंगनं विचारलं.

"म्हणजे चारचौघांसारखा."

"आन् अफीम?"

"ते राहिलं."

त्यानं मान हलवली. "ते खरंच हाये."

मला वाटलं होतं तो खुश होईल किंवा हिरमुसेल. त्यानं कागदाची घडी केली, मंगलीच्या हातात दिली आणि गुरांना पाणी दाखवायला गेला. मंगलीनं मला बसवलं, गुळाचा चहा केला. मला म्हणाली, "खराब गेलं ना गुरुजी? पक्कं गेलं?" मी म्हटलं, पक्कं गेलं. मग ती चुलीकडं तोंड करून बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. धूर फार होता, असं तिनंच मला सांगितलं.

गार्डची नोकरी त्याला मिळाली नाही. वय निघून गेलं होतं. पण नवीन आलेल्या रेंजरनं कागद पाहिला आणि त्याला उन्हाळ्यात वणव्यापासून जंगल राखायच्या कामावर घेतलं. दर साली फाल्गुनात तो जंगलाच्या कडेनं पालापाचोळा झाडून आगपट्टा मोकळा करी आणि पाऊस पडेपर्यंत तिकडंच राही. गावात काही लोक त्याला आता धनसिंग म्हणू लागले. काही अफीम्याच म्हणत राहिले. मासेवाली तर म्हणेच.

त्याच सुमारास सरकारनं अफूची दुकानं बंद करत आणली. वर्षानुवर्षं दुकानातून घेऊन खाणारी माणसं होती, त्यांची पंचाईत झाली. कुणी चोरून चढ्या भावानं घेई, कुणी घरात पडून तळमळे. देऊळगाव स्टेशनवर खेमराज नावाचा हमाल होता. त्याची बायको एकदा त्याला बैलगाडीत घालून धनसिंगच्या दारात घेऊन आली. कुणी पाठवलं विचारलं तर म्हणाली, "हा सुटला म्हंतेत, म्हनून आनलं."

मी दुसऱ्या दिवशी गेलो तर खेमराज ओसरीत गोधडीखाली थरथरत होता आणि धनसिंगच्या सात पिढ्या उद्धारत होता. धनसिंग शेजारी मांडी घालून बसला होता. अंगावर ओकारी आली तरी हलला नव्हता. मंगली आतून ओरडली, "त्याले उठवून बसव, पेज थंडी होऊन राहिली."

खेमराज दात वाजवत म्हणाला, "किती दिस असं राहीन मी?"

"लै दिस वाटते," धनसिंग म्हणाला. "मंग कमी होते. पी."

खेमराजनं गडू ढकलला, अर्धी पेज धनसिंगच्या धोतरावर सांडली. मंगलीनं दुसरा गडू भरून आणला. खेमराज महिनाभर त्यांच्याकडं राहिला आणि पुन्हा हमालीवर गेला. त्याच्यानंतर आणखी काहीजण आले. एक पळून गेला, बाकीचे टिकले. साठ साली माझी बदली तिरोड्याला झाली. निघताना निरोप घ्यायला गेलो, तर ओसरीत गोधडीखाली कुणीतरी नवीन माणूस झोपलेला होता आणि धनसिंग बाहेर बसून त्याचे कपडे धूत होता.