हट्टी झाडाचे कोंब

चिमटेताईंना हे नाव पडलं ते हातातल्या चिमट्यामुळे, पण बोलण्यातही त्या चिमटे काढत, त्यामुळे ते टिकलं. बाटलीत रोपं वाढवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं त्या एकाच काचेच्या कपाटापुढे बसल्या. पान कापायचं, चिमटा ज्योतीवर धरायचा, तुकडा बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा. शिक्षण जेमतेम शाळेपुरतं. पण पेशींचा स्वभाव नवऱ्याच्या स्वभावापेक्षा लवकर कळला, असं त्या स्वतःच सांगत.

नव्या मुलींना त्या समजावत, "अगं, अख्खं झाड कसं करायचं ते प्रत्येक पेशीच्या पोटात असतंच. पानातली पेशी पानच राहते, कारण शेजारीपाजारी रोज तिला तेच सांगतात. कापून वेगळी काढली की विसरते बिचारी, वाढून नुसता गोळा होतो. मग एक औषध जास्त दिलं तर मुळं, दुसरं जास्त दिलं तर कोंब."

हे सगळं त्यांनी सर्वांत आधी धाकटीला शिकवलं. धाकटी म्हणजे सख्खी नव्हे. शेजारच्या कपाटापुढे बसणारी, आठ वर्षांनी लहान. तिच्या बाळंतपणात ताईंनी दोघींचं काम एकटीने ओढलं. दुपारचा डबा कायम एकत्र.

मग एक हट्टी झाड आलं. गोळे होत, मुळं फुटत, कोंब काही केल्या निघेना. जी कोंब काढेल ती या खोलीची प्रमुख, असं साहेबांनी जाहीर केलं. ताई वर्षभर हात धुऊन त्याच्या मागे लागल्या. एका सोमवारी चाळीस बाटल्यांपैकी सहांत कोंबांचे हिरवे ठिपके दिसले. त्यांनी आनंदाने औषधांचं प्रमाण धाकटीच्या कानात सांगितलं.

सहाच का, हे मंगळवारी सकाळी उमगलं. औषध संपलं होतं म्हणून ते सहा गोळे आठ दिवस अंधारात, साध्या जेलीवर पडून होते. आधी तेवढी विश्रांती, मग औषध. धाकटीला डबा खाताना सांगू, असं त्यांनी ठरवलं.

धाकटी जेवायला आली नाही. ती साहेबांच्या खोलीत होती, त्या सहा बाटल्या घेऊन. बाटल्यांवर लेबलं नवी होती आणि अक्षर धाकटीचं.

ताई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "तुम्ही तर बहिणीसारख्या. तुम्हाला आनंद व्हायला हवा." केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते ताईंना त्या दिवशी कळलं. संताप इतका होता की रडू फुटेना.

धाकटी प्रमुख झाली. महिन्याभरात तिच्या दोनशे गोळ्यांना नुसती मुळं फुटली. एका दुपारी ती ताईंच्या कपाटाशी येऊन उभी राहिली. माफी मागायला आली असेल असं वाटून ताईंनी चिमटा खाली ठेवला.

"ताई, तू माझ्यापासून काहीतरी लपवलंस," धाकटी म्हणाली. "मी तुला सख्खी मानत होते."

"लपवलं नाही गं. मंगळवारी कळलं मला. तुझ्यासाठी दोन वाजेपर्यंत डबा न उघडता बसले होते."

"मग आता सांग," असं म्हणून धाकटीने वही उघडली.

तेव्हा मात्र ताईंना रडू आलं.