तिसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी घोडेगाव ते भीमाशंकर जीप चालवायचो. जीप माझी नव्हती. ज्यांची होती त्यांना मी दादा म्हणायचो, त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांच्याच गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचो आणि दोन वेळचं त्यांच्याच चुलीवरचं खायचो. माझं गाव नांदेडकडे, दोन एसट्या आणि एक रेल्वे एवढ्या अंतरावर. शाळा सातवीत सोडलेली. दादांनी आधी मला विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या कामाला ठेवलं, मग गाडी शिकवली, मग गाडी हातात दिली. परक्या मुलखातल्या पोराच्या हातात एवढं कोण देतं? म्हणून त्यांच्यापुढे माझा आवाज कधी वर जायचा नाही. आणि रोज रात्री झोपताना भीती वाटायची, की उद्या काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल.

आषाढात ब्रेकचं पेडल खाली बसायला लागलं. ब्रेक दाबला की पहिल्यांदा पाय खोल जायचा, सोडून पुन्हा दाबला की जरा वर लागायचा, आणि तिसऱ्यांदा टणक. आमच्या लाइनीवरच्या सगळ्या जुन्या जीपगाड्यांची हीच तऱ्हा होती. सगळे ड्रायव्हर म्हणायचे, "दोन मारायचे, तिसऱ्याला लागतो." मीही तेच शिकलो होतो. बैल दिसला की दोन मारा. वळण आलं की दोन मारा. पायाला ती सवय इतकी झालेली, की उभ्या गाडीतसुद्धा पाय आपोआप टप टप करायचा.

दादांनी मास्टर सिलिंडरचं किट आणलं. किट म्हणजे आतले रबरी वायसर. पेडल दाबलं की हेच वायसर तेल पुढे ढकलतात. ते मीच अंगणात बसून टाकलं. पेडल झकास झालं. दादा वहिनींना म्हणाले, "बघ, पावणं मिस्तरी झालं आपलं." त्या दिवशी मला दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

दहा-बारा दिवसांनी पेडल पुन्हा बसलं.

तिथून पुढचे तीन आठवडे आठवले की अजून डोकं तापतं. जो भेटेल तो एकच सांगायचा, ब्रेकच्या पाइपात हवा धरली. मग हवा काढा. दादांचा पुतण्या आत बसून पेडल मारणार, मी चाकाखाली उताणा पडून हवा सोडायचं निपल ढिलं करणार, तेल तोंडावर उडणार. चारही चाकांची हवा काढली. दोन दिवस बरं वाटलं, की वाटल्यासारखं वाटलं, कोण जाणे. पुन्हा काढली. मग एकाने सांगितलं की मागच्या चाकाचा सिलिंडर गळत असेल. ड्रम उघडले, आत धूळ आणि सगळं कोरडं. मग ब्रेकचे लायनर ड्रमच्या जवळ घेतले. मग पुढचा रबरी पाइप फुगतोय म्हणून तो बदलला. दरवेळी शेवटी मी विचारायचो, "मास्टर तर नसेल ना?" आणि दरवेळी उत्तर तेच यायचं, "मास्टरला नवीन किट टाकलंय ना? मग कसा आसंल?"

बरोबरच होतं. नवीन वस्तूवर कोण संशय घेणार? मीही घेतला नाही. मास्टरवरच्या डबीतलं तेलसुद्धा कमी होत नव्हतं. तेल कमी नाही, गळती नाही, हवा नाही, आणि पेडल मात्र खाली. दादा स्वतः बसून बघायचे. बसले की आधी दोन मारायचे, सगळ्यांसारखेच, आणि तिसऱ्याला पेडल दगडासारखं. "कुठं काय झालंय?" म्हणायचे. मी रस्त्यावर चालवायला बसलो, की पहिल्याच दाबाला तेच पेडल खाली जायचं. माझ्या पायालाच काही झालंय की काय, असं मलाही वाटायला लागलं होतं.

श्रावणातल्या एका शनिवारी शिनोलीत, रस्त्याला उतार आहे तिथे, मी गाडी थांबवली. एक म्हातारी आणि तिचा मुलगा टपावरून गव्हाचं पोतं उतरवत होते. हँडब्रेक नावालाच होता, म्हणून मी पाय ब्रेकवर ठेवून बसलो. पोत्याची दोरी काही सुटेना. म्हातारी मुलाला म्हणत होती, "गाठ मारताना लई जोर व्हता, आता कुठं गेला?" मी हसत होतो. आणि हसता हसता जाणवलं, की पाय खाली चाललाय. सावकाश, चिखलात पाय रुतावा तसा. गाडी हलली. मी दोन मारले, गाडी थांबली, पण तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या मोटरसायकलला धक्का लागून ती आडवी झाली. कॅन लवंडला. माणूस तिच्यावर बसलेला नव्हता, एवढंच नशीब. दूधवाला म्हणाला, "झोपला व्हता का राव?" मी उतरून कॅन उभा केला. टपावर म्हातारीचा मुलगा पोत्याला मिठी मारून बसला होता.

संध्याकाळी दादांना सांगितलं. वहिनी चुलीपाशी ऐकत होत्या. दादा म्हणाले, "परवा श्रावणातला सोमवार. लोकं देवाला जायला पहाटेपासून उभी आसतात. त्या दिवशी गाडी न्हाई निघाली, तर मी दुसरा ड्रायव्हर बघतो. गाडीला काय झालेलं न्हाई. तुज्या पायात भ्या शिरलंय."

वहिनी एवढंच म्हणाल्या, "जेवू तर द्या त्याला."

आईला पत्रातून कळवलं होतं, की मी ड्रायव्हर झालो. आता परत जाऊन काय सांगू?

रविवारी सकाळी स्टँडवरच्या एका एसटी ड्रायव्हरने सांगितलं, की ओतूरला एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक मिस्त्री आहेत, त्यांना विचार. गाडी घेऊन जायची हिंमत नव्हती. जुन्नरवरून एसटीने गेलो. मिस्त्री घराच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं. ते शेंगा सोलतच ऐकत होते, आणि मला राग येत होता, की हा माणूस हातातलं काम तरी थांबवेल की नाही.

"तेल कमी व्हतं का?"

"नाही."

"चाकं कोरडी?"

"कोरडी."

"दोन मारल्यावर वर येतं, आणि धरून ठेवलं की खाली जातं?"

"धरून आम्ही कधी ठेवतच नाही. काल ठेवलं, तेव्हा गेलं."

"मग तेच. हवा आसंल तर पेडल फुगा दाबल्यावानी लागतं, पण एका जागी थांबतं. हे थांबत न्हाई. म्हंजे मास्टरच्या आत तेल वायसरवरून मागं पळतंय. बाहेर दिसणार कुठून?"

"पण मास्टरला नवीन किट आहे."

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "टाकायच्या आधी वायसर कशात धुतले?"

"डिझेलमध्ये."

"कुणी सांगितलं?"

मी एक शेंग उचलून सोलायला लागलो. इंजिनावर कामाला लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात दादांनी शिकवलं होतं, की कुठलाही पार्ट बसवायच्या आधी डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासायचा. आमच्या भागात सगळेच तसं करत. लोखंड असो, रबर असो, डिझेलचं टमरेल ठरलेलं.

"ब्रेकच्या रबराला डिझेल म्हंजे इख," मिस्त्री म्हणाले. "फुगतं, मऊ पडतं. ब्रेक ऑइलमध्येच धुवायचं. आणि तपासताना धडाधड मारायचं न्हाई. हलका पाय ठेवायचा, अंड्यावर ठेवल्यावानी, आणि वाट बघायची. सवय तुमची वाईट, राव. तुमी मारून मारून रोग झाकता." त्यांनी काही घेतलं नाही. शेंगा मात्र मूठभर दिल्या.

परतीच्या गाडीत मला बरं वाटायला हवं होतं. उलट चीडच आली. तीन आठवडे चाकांखाली उताणा पडलो होतो, आणि दुखणं माझ्याच हातचं निघालं. त्याहून जास्त चीड याची, की आता हे दादांना सांगायचं कसं?

रात्री दादा घरी आलेच नाहीत, पाहुण्यांकडे गेले होते. सकाळी सहाला स्टँडवर आले, तोवर मी नको म्हणत असतानाच लोकांनी गाडी भरली होती. आत तेरा माणसं, दोन टपावर चढत होती, आणि मी किल्ली खिशात घालून खाली उभा.

"काय रे?"

"दादा, मास्टर गेलाय. किटचे वायसर खराब झालेत. ही गाडी घाटातून उतरवायची नाही."

"सेकंड गियरमधी उतर."

"नाही उतरवणार."

हा शब्द त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच काढला. दादांनी किल्ली मागितली, मी दिली. मागून एक बाई म्हणाली, "भाऊ, आमी बसावं का उतरावं, ते तरी ठरवा."

दादा सीटवर बसले. टप, टप, टप. "हे बघ. दगड हाय."

"दादा, मारू नका. एकदाच ठेवा, हलका, आणि तसाच राहू द्या."

मला वाटलं, आता शिवी येणार. पण गाडीतले सगळे बघत होते. त्यांनी पाय ठेवला. मी पायाकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पहिल्यांदा कपाळाला आठी होती. मग ती गेली. मग ते खाली बघायला लागले. पेडल पत्र्याला टेकलं, तेव्हा त्यांनी किल्ली काढली आणि वळून सगळ्यांना सांगितलं, "उतरा मंडळी. मागच्या गाडीत बसा."

माणसं कुरकुरत उतरली. मागच्या गाडीचा ड्रायव्हर दात काढून हसला. त्याची गाडी दोन मिनिटांत भरली.

"वायसर खराब कशानं झाले?" दादांनी विचारलं.

"डिझेलनं. मी धुतले होते."

माझ्या मनात होतं, की त्यांनी स्वतःहून म्हणावं, अरे, मीच शिकवलं होतं तुला. ते म्हणाले नाहीत. उलट चहाच्या टपरीवर कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरानं डिझेलमधी धुतलं, दुसरं काय." ज्याचं अन्न खातो त्याच्यावर चिडायचं कसं, हे मला येत नव्हतं.

दुपारी ते जुन्नरहून किट आणि ब्रेक ऑइलची डबी घेऊन आले. माझ्या हातात देण्याऐवजी स्वतःच बसले, वाटीत ब्रेक ऑइल ओतलं आणि एकेक वायसर बोटांनी धुऊन मास्टरमध्ये बसवला. हात धुवून मला म्हणाले, "उद्या सहाला काढ गाडी." तेवढ्यावरून कळलं, की दुसरा ड्रायव्हर येत नाही.

मंगळवारी गाडी भरली तेव्हा दादा पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. "शिनोलीपर्यंत येतो," म्हणाले. शिनोली आली, ते उतरले नाहीत. डिंभ्याच्या पुढे चढ लागला, तरी बसूनच. वर देवाच्या दारात चहा घेतला आणि परत माझ्या शेजारीच. उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला, की शेजारी त्यांचाही उजवा पाय पुढच्या पत्र्यावर दाबला जायचा, आणि मी पाय उचलला की मगच ढिला पडायचा.