दोघांना येणारे काम

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचे, असे कुणी विचारले तर मी कासमभाईंचे नाव घेतो. ते माझे नातेवाईक नव्हते, गुरुजीही नव्हते. दुबईतल्या एका कंपनीत ते हेडक्लार्क होते. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि त्या हाकेत कौतुकापेक्षा चेष्टा जास्त असे. दिसेल त्याला धरून आपले काम शिकवायची त्यांना खोडच होती. चहा घेऊन आलेल्या माणसालाही ते अडवत, "हे बिल कसं वाचायचं, ठाऊक आहे? नाही? बस इथे." तो बिचारा किटली मांडीवर घेऊन त्यांच्या खुर्चीत बसे. मास्तर स्वतः कधी बसत नसत. समोरचा शिकत असताना ते टेबलाभोवती फेऱ्या घालत, खिडकीशी जाऊन खाडी पाहून येत, पुन्हा फेऱ्या घालत.

मी तिकडे गेलो ते साठच्या दशकात. तेव्हा अमिरात हा देश झाला नव्हता. दुबईत नोटासुद्धा रुपयाच्याच चालत. मोठी जहाजे खाडीत येऊ शकत नसत, ती बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहत. आमची लाँच पडाव ओढत जहाजापर्यंत जाई आणि सिमेंट, तांदूळ, पत्रे भरून धक्क्यावर आणी. आमच्या हर्णैला बोटीचे उतारू असेच पडावातून किनाऱ्याला येत. त्यामुळे पहिल्या दिवशी धक्क्यावर उभा राहिलो तेव्हा मला फारसे परके वाटले नाही. परके वाटले ते कचेरीत शिरल्यावर.

माझे वडील गलबतावर खलाशी. दापोलीच्या मराठी शाळेत शिकून पुढे बी. कॉम. झालेला मी घरातला पहिलाच. नोकरी लागली म्हणजे कुणीतरी काम दाखवील, अशी माझी भाबडी समजूत होती. कचेरीत मी कुणाच्या टेबलाजवळ गेलो की कागद पालथे पडत. "काय बी. कॉम.? पुस्तकात नाही का हे लिहिलेलं?" गोदामाचे फर्नांडिस हसत विचारत. फर्नांडिस कुठल्याही पेटीवर खूण करू देत नसत. कोणाचा माल कुठे आहे, हे फक्त त्यांच्या डोक्यात. ते जेवायला गेले की गोदामही जेवायला जाई. लाँचचा ड्रायव्हर शेरमहंमद तर त्यांच्याही पुढचा. इंजिनाला तेल सोडणारी छोटी पितळी चावी तो रोज संध्याकाळी काढून खिशात घाली आणि घरी नेई. ती किती फिरवली म्हणजे ते म्हातारे इंजिन धरते, हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

या सगळ्यामागे निव्वळ भीती होती. ज्याने काम शिकवले त्याच्या जागी शिकणारा निम्म्या पगारात बसला, असे तिथे घडलेले होते. म्हणून कुणी काही शिकवत नसे आणि म्हणून कुणी घरीही जात नसे. रजा मिळत होती. घ्यायची छाती कुणाची नव्हती. परत यावे आणि आपल्या जागेवर दुसराच दिसावा, या धास्तीने माणसे वर्षानुवर्षे बायकामुलांना फक्त फोटोत बघत होती. सगळी कचेरी जणू एका पायावर उभी असे. मलाही तिथे स्वस्थ वाटत नसे. परत जावे, असे रोज मनात येई.

एका सकाळी मास्तरांनी मला हाक मारली. "रफीक, बस माझ्या खुर्चीत."

"आणि तुम्ही?"

"मी फिरतो. बसलो की मला झोप येते."

त्या दिवसापासून त्यांनी मला सगळे दाखवले. जहाजाचे कागद कसे तपासायचे, कुठल्या कप्तानाशी गोडीने बोलायचे, कस्टमवाल्याने 'इन्शाल्ला' म्हटले तर तो आज म्हणतोय की पुढच्या आठवड्यात, हे त्याच्या भुवईवरून कसे ओळखायचे. फर्नांडिस दारातून बघत आणि टोमणा मारत, "मास्टर, तुमी आपली कबर खोदताय, आणि फावडं पण दुसऱ्याच्या हातात देताय."

"असू दे की," मास्तर म्हणत. "निदान नीट खोदायला शिकेल."

पुढे एकदा मी धीर करून विचारले, की तुम्हाला भीती कशी वाटत नाही? ते फेऱ्या घालायचे थांबले. "बहारीनला असताना मी पण असाच होतो रे. माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. केवढी ऐट होती मला. मग गावाहून तार आली, अम्मी फार आजारी. साहेबाकडे गेलो. साहेब म्हणाला, 'जरूर जा. पण तुझं काम कोण बघणार?' मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मीच कुणाला उभं केलं नव्हतं." मग खिडकीशी जाऊन म्हणाले, "अम्मी गेली. मी तिकडे बिलं तपासत होतो. ज्याच्यावाचून अडतं ना रफीक, त्याला घरी जाता येत नाही." एवढे बोलून ते पुन्हा फिरू लागले.

त्या हिवाळ्यात शेरमहंमदला कावीळ झाली. बाहेर जहाज येऊन उभे होते, वायव्येचा वारा सुटला होता, पडाव धक्क्याला आपटत होते आणि लाँच जागची हलत नव्हती. कप्तान निरोपावर निरोप पाठवी की माल उतरवा, नाहीतर तसाच पुढे घेऊन जातो. आमचा इंग्रज मॅनेजर नुकताच आला होता. तो खोलीतून बाहेर येई, घड्याळ बघे आणि आत जाई. मास्तर मला म्हणाले, "चल." आम्ही शेरमहंमदच्या झोपडीवर गेलो. झावळ्यांच्या भिंतींतून वाळू आत येत होती. तो खाटेवर पिवळा पडून होता आणि चावी त्याच्या मुठीत होती.

"मास्टर, जान माँगो, दे दूँगा," तो म्हणाला. "ये मत माँगो. आज सिखाया, तो कल मेरी छुट्टी."

"छुट्टी कौन करेगा?"

"साहब करेगा. सब साहब करते हैं."

मास्तर त्याच्या खाटेवर बसले. "सुन. तेरी नौकरी जाने से पहले मेरी जाएगी. ज़बान देता हूँ."

शेरमहंमदने चावीची मूठ छातीशी धरली. मग म्हणाला, "मुझे उठाओ."

आम्ही त्याला खाटेसकट धक्क्यावर आणले आणि लाँचवर ठेवले. खलाशी बशीर इंजिनापाशी बसला आणि शेरमहंमद पडल्या पडल्या ओरडू लागला, "कम! और कम! अब खोल... गधे, धीरे! औरत का हाथ समझ के पकड़!" इंजिन खोकले, थांबले, पुन्हा खोकले आणि धरले. धक्क्यावरच्या हमालांनी "यल्ला!" म्हणून आरोळी ठोकली. माल उतरला. पुढे शेरमहंमद बरा होऊन आला, आणि तेव्हापासून चावी इंजिनावरच राहू लागली. हळूहळू फर्नांडिसही पेट्यांवर खडूने खुणा करू लागले, अर्थात कुणी बघत नसताना.

पण शेरमहंमद म्हणाला होता तेच झाले. आमच्या मालकांनी, म्हणजे सगळे ज्यांना अरबाब म्हणत त्यांनी, मॅनेजरला एक पगार कमी करायला सांगितले होते. मॅनेजरने शेरमहंमदचे नाव काढले. मी तेव्हा सहीसाठी कागद घेऊन त्याच्या खोलीत उभा होतो. मास्तर आत आले. त्या दिवशी प्रथमच मी त्यांना एका जागी स्थिर उभे पाहिले.

"टू मेन, वन जॉब," साहेब दोन बोटे दाखवत म्हणाला. "व्हाय? बशीर निम्म्या पगारात लाँच चालवतो."

"साहेब, मी शेरमहंमदला शब्द दिलाय."

"तू दिलास. कंपनीने नाही."

"खरं आहे. पण तो गेला की उद्यापासून इथे कुणी कुणाला काही शिकवणार नाही. पुढचा माणूस आजारी पडेल तेव्हा तुम्ही त्याच्या झोपडीवर जाल, आणि तो तोंड भिंतीकडे करून झोपेल."

साहेबाने चष्मा काढून डोळे चोळले. तो माणूस वाईट नव्हता. "मास्टर, एक पगार कापायचाच आहे. मला दुसरं नाव दे."

"कासम," मास्तर म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे बोट केले. "याला सगळं येतं. आणि माझा पगार शेरमहंमदपेक्षा जास्त आहे, म्हणजे अरबाब पण खूश."

"यू आर अ फूल, मास्टर," साहेब हळूच म्हणाला. ही शिवी होती की दुसरे काही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

संध्याकाळी खाडी ओलांडताना होडीत मी त्यांच्याशी भांडलो. आयुष्यात मोठ्या माणसाशी तेवढा एकदाच. "मला विचारलंत तरी का? मी नाही बसणार तुमच्या खुर्चीत. उद्या साहेबाला तोंडावर सांगतो."

"सांग. मग शेरमहंमद पण जाईल आणि मी पण. मग मी एवढं शिकवलं कशासाठी?"

"आणि तुमचं घर? माडी अर्धी राहिलीये म्हणता ना?"

"राहू दे अर्धी. खाली झोपतात की माणसं." मग हसून म्हणाले, "अरे, बायकोला माझी सवय नाही राहिली. आता तिला शिकवायला घेतो, नवरा घरात असला म्हणजे काय करायचं ते." मी हसलो नाही. होडी काठाला लागली तरी ते उतरेनात. होडीवाल्यानेच शेवटी सांगितले, "हबीबी, खलास."

ते मुंबईच्या बोटीने गेले त्या दिवशी सगळी कचेरी धक्क्यावर आली होती. फर्नांडिस नाक शिंकरत होते आणि ते वाळूमुळे, असे प्रत्येकाला सांगत होते. बोटीपर्यंत मास्तरांना लाँचने नेण्याचा हक्क मात्र शेरमहंमदने बशीरला दिला नाही.

मी मास्तरांच्या जागेवर बसलो. साहेबाच्या मागे लागून एक नियम करून घेतला, की प्रत्येक काम दोघांना आले पाहिजे आणि रजेवरून परतलेल्याला त्याची जागा मिळाली पाहिजे. नियम झाला, पण तो कागदावर नव्हता, साहेबाच्या तोंडी होता. साहेब बदलला तर काय, हे कुणी विचारले नाही. शेरमहंमद घरी जाऊन आला आणि त्याला जागा मिळाली. फर्नांडिसही गोव्याला जाऊन आले. मग साहेब खरोखरच बदलला, आणि माझी रजा आली. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. तेव्हा मी मास्तरांना त्यांच्या गावी, दाभोळला, पत्र पाठवले. त्याची नक्कल मी ठेवली होती, ती इथे देतो.

"आदरणीय मास्तर यांस, सलाम.

माझी रजा मंजूर झाली आहे. पुढच्या बोटीने निघतो. आपण गेल्यापासून मी घरी गेलेलो नाही, हे आपणांस माहीत आहे.

माझ्या हाताखाली थॉमस नावाचा मुलगा आला आहे. तोही ग्रॅज्युएट आहे. इंग्रजी माझ्याहून चांगले बोलतो, आणि नव्या साहेबाला तो आवडतो. मी रजेचा अर्ज नेला तेव्हा साहेबाने सही केली, पण कधी परत येणार, हे विचारले नाही. आधीच्या साहेबाने कबूल केलेली गोष्ट सांगितली, तर म्हणाला, 'बघू.'

मी थॉमसला सगळे शिकवले. एक गोष्ट ठेवावी, असे मनात आले होते. वारा सुटला की कुठल्या कप्तानाला थांबवता येते आणि कुठल्याला नाही, तेवढीच. दोन दिवस ती सांगितली नाही आणि दोन दिवस मला जेवण गेले नाही. काल तीही सांगितली. सांगताना मी टेबलाभोवती फिरत होतो, असे थॉमस म्हणाला.

अब्बांना यातले काही ठाऊक नाही. ते गावभर सांगतात, माझा मुलगा मोठा साहेब आहे. त्यांच्यासाठी ट्रान्झिस्टर घेतला आहे. परत जाण्यासाठी माझी जागा असेल की नसेल, हे त्यांना कसे सांगावे ते सुचत नाही. म्हणून येण्याची तारीख घरी कळवलेली नाही. मुंबईहून सुटणारी बोट हर्णैला थांबेल तेव्हा मी उतरणार नाही, पुढे दाभोळला येईन आणि आधी आपल्याला भेटेन. कृपा करून कुणाला बोलू नका.

आपण काय सांगाल, याचा मी बोटीत बसण्याआधीच विचार करू लागलो आहे. धीर धर, असे सांगू नका. ते मी स्वतःला सांगून पाहिले. मला एवढेच सांगा, त्या दिवशी साहेबाच्या खोलीत आपण आपले नाव घेतलेत, तेव्हा आपणांस भीती वाटली होती का? वाटली होती म्हणालात, तर मला फार बरे वाटेल.

आपला,
रफीक"